नवी सापसुरळी घरी येते तेव्हा

गेल्या वेळी आपण 'दुसऱ्याचं मन आपल्याला कळतं का' या प्रश्नावर बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, याचा घरात काय उपयोग?" आज त्याचंच उत्तर देतो, आणि तेही एका सापसुरळीच्या निमित्ताने.

सापसुरळी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. दगडाखालून सर्रकन निघून जाते. काही ठिकाणी तिला सापाची मावशी म्हणतात आणि उगाच घाबरतात. ती विषारी नसते. तिचीच एक थोरली नातलग ऑस्ट्रेलियात असते, ब्लू टंग स्किंक. लांबी साठ सेंटिमीटरपर्यंत, अंग जाडजूड, पाय आखूड आणि जीभ चक्क निळी. तिथे ती लोक हौसेने पाळतात. मात्र रानातली किंवा बागेतली उचलून आणणं बेकायदा आहे. परवान्याचे नियम राज्याप्रमाणे बदलतात, ते आधी पाहावे लागतात.

आम्ही मेलबर्नला मुलाकडे होतो तेव्हा नातवासाठी अशी एक आणली. नातवाने नाव ठेवलं निळू. पहिल्याच संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी तिला आळीपाळीने हातात घेतलं, फोटो काढले, तोंडाशी केळं धरलं. ती अंग चपटं करून फुसफुसली आणि जीभ बाहेर काढली. नातू म्हणाला, "आजोबा, ती हसतेय!" आम्हीही मान डोलावली.

ती हसत नव्हती. निळी जीभ हे तिचं भीती दाखवून शत्रूला हटवण्याचं हत्यार आहे. त्यानंतर सहा दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. नातू रडवेला झाला. आम्ही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, मनात म्हणालो, 'एवढं प्रेम करतोय, तरी हिला किंमत नाही!'

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. दिवसातून किती वेळा हातात घेता? आणि दिव्याखाली तापमान किती? पहिल्याचं उत्तर द्यायला लाज वाटली. दुसऱ्याचं ठाऊकच नव्हतं. मोजलं तर २७ अंश निघालं.

इथे थोडं थांबू. हा प्राणी आपल्यासारखी अंगात ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. ऊब नाही तर पचन नाही, आणि पचन नाही तर भूक कुठली? म्हणून पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली सुमारे ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५च्या आसपास हवं, म्हणजे कुठे बसायचं ते तिचं तिला ठरवता येतं. मोठ्या प्राण्याला पेटी निदान १२० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद लागते. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. अतिनील किरणांचा दिवा दिवसा दहा-बारा तास हवा, कारण हाडांना कॅल्शियम मिळण्यासाठी तो लागतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ते काम होत नाही. आणि एका पेटीत एकच. दोन ठेवल्या तर भांडतात.

जर्मन जीवशास्त्रज्ञ याकोब फोन उक्स्क्युल यांनी १९३४ साली गोचिडाचं उदाहरण दिलं. गोचिडाचं जग म्हणजे एक वास, थोडी ऊब आणि असे मोजके संकेत. बाकी सृष्टी त्याच्यासाठी नाहीच. प्रत्येक प्राण्याचं असं स्वतःचं जग असतं. निळूच्या जगात ऊब होती, आडोसा होता. वरून झेपावणारा हात मात्र तिथे फक्त शिकारी पक्षी होता. आमचं प्रेम तिच्या जगात पोचतच नव्हतं.

मग आम्ही काय केलं? दिवा बदलला आणि आठवडाभर तिला हात लावला नाही. पाणी बदलायचं, अन्न ठेवायचं, बाजूला व्हायचं. अन्न म्हणजे निम्म्याहून थोडी कमी प्रथिनं (शिजवलेलं अंडं, किडे, गोगलगाय), बाकी हिरव्या भाज्या आणि फळ अगदी थोडं. कांदा आणि अॅव्होकॅडो वर्ज्य. बागेतली गोगलगायही नको, तिने विषाचं आमिष खाल्लेलं असू शकतं. मोठ्या प्राण्याला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं. शेपटीत चरबी साठवलेली असते, त्यामुळे नव्या घरात आठवडाभर उपास घडला तरी धडधाकट प्राणी तो सोसतो. शेपूट बारीक झाली, डोळे खोल गेले किंवा ती तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली, तर मात्र थांबायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.

त्यानंतर पाच मिनिटांपासून सुरुवात. हात वरून न्यायचा नाही, बाजूने न्यायचा. पोट आणि चारही पाय तळहातावर टेकवायचे, शेपटी कधी धरायची नाही. नंतर हात साबणाने धुवायचे, कारण या प्राण्यांकडून साल्मोनेलाचे जंतू येऊ शकतात.

अकराव्या दिवशी निळूने अंडं खाल्लं. नातू दाराआडून, श्वास रोखून पाहत होता. त्याने हाक मारली नाही, फोटो काढला नाही. त्याला कळलं होतं.

हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो. तेव्हा आणण्याआधी 'मला आवडतो का' एवढंच विचारून भागत नाही. 'त्याला जे हवं ते मी देऊ शकतो का' हेही विचारावं लागतं. दुसऱ्याचं मन पूर्ण कळत नाही, हे गेल्या वेळी आपण मान्य केलं. पण ते आपल्यासारखंच असेल असं गृहीत धरायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. माणसांच्या बाबतीतही.

आता प्रश्न घेऊ.