शिडाची घडी

भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी स्त्रिया 'तारिणी' या शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करून 2025 च्या मे महिन्यांत गोव्यास परतल्या. तें वर्तमान आमच्या घरीं मोठ्यानें वाचलें गेलें, तेव्हां माझ्या दहा वर्षांच्या नातीनें विचारिलें, "आजोबा, नौका 56 फूट लांब आणि माणसें दोनच! वादळ आलें म्हणजे एवढें शीड त्या उतरवितात तरी कशा?" जन्मभर वर्गांत प्रश्न विचारीत आलों, पण या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें. मग शोध घेणें भाग पडलें. जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

डोलकाठीच्या मागल्या अंगास असतें तें मुख्य शीड. त्याची खालची कड एका आडव्या दांड्यावर येते. एवढ्या लांबीच्या नौकेवर तें 60-70 चौरस मीटरांचें सहज असतें. म्हणजे सात नऊवारी लुगडीं कडेस कड लावून जोडावीं तेवढें! शिवाय कापड जाड आणि ताठर. पूर्वीं वरचा दोर सोडला कीं हें सारें डेकवर ढासळे, त्यांत वारा पुन्हां शिरे, आणि चार-सहा खलाशी हेलकावणाऱ्या नौकेवर तें कवटाळीत बसत. अशा वेळीं तोल गेला कीं माणूस थेट समुद्रांत.

यावर योजिलेले उपाय पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. बळ वाढवून शीड आवरत नाहीं. त्यास पडण्याची वाट आंखून द्यावी लागते.

चिनी नौकांनीं हें फार पूर्वींच साधलें. त्यांच्या शिडांत आडव्या पट्ट्या असतात. दोर सैल सोडतांच शीड दारावरच्या बांबूच्या चिकाप्रमाणें घडीवर घडी पडत खालीं येतें. ब्लाँडी हॅसलर या निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यानें 1960 सालीं 'जेस्टर' नांवाच्या लहानशा नौकेवर असेंच शीड चढविलें आणि एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला.

आजच्या मोठ्या नौकांवर हेंच तत्त्व निराळ्या रूपानें आढळतें. शिडाच्या आरपार लवचिक पट्ट्या घातलेल्या असतात. त्यामुळें कापड फडफडत नाहीं. त्याची पुढली कड डोलकाठीवरील रुळावर लहान गाड्यांनीं सरकते, म्हणून शीड स्वतःच्याच भारानें उतरतें. डोलकाठीपासून आडव्या दांड्यापर्यंत दोहों बाजूंस बारीक दोरांची झोळी असते, तींत तें अलगद बसतें. या दोरांना खलाशी 'लेझी जॅक' म्हणतात. नांव आळशाचें, पण काम दोन गड्यांचें! दोष एवढाच कीं, शीड चढवितांना पट्ट्यांचीं टोकें या दोरांत अडकतात. म्हणून नौकेचें तोंड नीट वाऱ्याकडे करावें आणि दोर आधीं पुढें ओढून ठेवावेत.

वारा वाढला म्हणून सबंध शीड उतरविण्याचें कारण नाहीं. त्यांत दोन-तीन ओळींनीं भोंकें पाडून कड्या बसविलेल्या असतात. शीड तेवढें खालीं घेऊन त्या ओळीच्या पुढच्या व मागच्या कड्या दांड्याशीं आवळल्या कीं शीड लहान होतें. तें डोलकाठीच्या पोटांत गुंडाळून घेण्याची युक्ति याहून सोपी दिसते. परंतु ऐन वादळांत गुंडाळी अर्ध्यावर अडली, तर शीड ना आंत जातें, ना खालीं येतें. सोय आणि भरंवसा हीं दोन नेहमीं एकत्र नांदतातच असें नाहीं.

अनुभवी नाविकांचा नियम मात्र यंत्राचा नव्हे, मनाचा आहे. शीड आंखडावें काय, असा विचार प्रथम मनांत येईल, तीच तें आंखडण्याची वेळ.

हें सारें नातीस खिडकीच्या पडद्यावर दाखविलें. ती म्हणाली, "म्हणजे हें ताकदीचें काम नव्हेच!" मी क्षणभर गप्प राहिलों. शाळेंत बाकें हालवितांना मीं मुलींस नेहमीं बाजूस उभें केलें. त्यांच्या अंगीं तेवढें बळ नाहीं, असें समजून. बाकें कशीं धरावीं, तें मात्र त्यांना एकदांही शिकविलें नाहीं.