आप्तवाक्य आणि हितसंबंध

वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली पनवेल येथे श्री धूतपापेश्वरची स्थापना केली. तेव्हापासून औषधनिर्मिती ही या नगराची एक ओळख आहे. आज रुग्ण कल्पाचे नाव ऐकताच विकिपीडिया उघडतो. तेथे कोण लिहितो, हा म्हणूनच वैद्य व औषधालयचालक या दोघांच्याही चिंतनाचा विषय आहे.

इंग्रजी विकिपीडियावरील आयुर्वेदविषयक लेखात या शास्त्रास छद्मविज्ञान म्हटले आहे. त्याविरुद्ध आयुर्वेदिक औषधनिर्मात्यांच्या एका अखिल भारतीय संघटनेने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑक्टोबर २०२२ रोजी फेटाळली. आपण स्वतः लेखात बदल करू शकता, असे खंडपीठाने सुचविले.

खरी अडचण येथेच आहे. ज्या विषयात आपला आर्थिक वा निकटचा संबंध आहे, त्या लेखात थेट बदल करू नये. तो संबंध जाहीर करून चर्चापानावर दुरुस्ती सुचवावी, असा विकिपीडियाचा संकेत आहे. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे प्रकट करणे जून २०१४ पासून सेवाशर्तींनुसार बंधनकारक आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये छुप्या मोबदल्यावर चालणारी ३८१ खाती बंद करण्यात आली. लेख प्रसिद्ध करून त्याचे 'रक्षण' करण्यासाठी ती मंडळी लहान व्यावसायिकांकडून पैसे मागत. असा प्रस्ताव आल्यास औषधालयचालकांनी सावध असावे.

तज्ज्ञता म्हणजे हितसंबंध नव्हे. गुडूचीच्या गुणकर्मावर वैद्याने साधार लिहावे; परंतु स्वतःच्या निर्मितीची महती टोपणनावाने लिहिणे ही प्रच्छन्न जाहिरातच होय. ती उघडकीस आली की त्या एका लेखासह इतरांच्या प्रामाणिक लेखनावरही संशय येतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात रज व तम यांपासून मुक्त असलेल्यास आप्त म्हटले आहे. अशांचेच वचन निःसंशय मानावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. स्वार्थ लपविणारा लेखक या कसोटीस उतरत नाही. ज्या लेखाबद्दल आपली तक्रार आहे, त्याच्या लेखकांनाही हीच कसोटी लागू आहे. पण ती आपण प्रथम स्वतःस लावावी.

आमचे आवाहन इतकेच: खरे नाव, प्रकट संबंध आणि मान्यताप्राप्त संशोधनाचा आधार घेऊन चर्चापानावर लिहावे. हा मार्ग मंद आहे, परंतु शास्त्राची प्रतिष्ठा याच मार्गाने टिकेल.