सिकलसेल: दुखणं अंगावर काढू नका



जव्हार-मोखाड्यापासून डहाणू-तलासरीपर्यंतच्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. बोईसर-तारापूरला कामाला आलेल्या कुटुंबांतही आहेत. गटाच्या बैठकीत बायका आम्हाला विचारतात, “रक्तच कमी आहे ना? खाऊपिऊ घातलं की येईल भरून.” तेवढ्यावर भागत नाही.

निरोगी तांबडी पेशी गोल, लवचीक असते. ती सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती कोयत्यासारखी वाकडी आणि कडक होते, 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडतं, डोळे पिवळे दिसतात. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकल्या की पुढे रक्त जात नाही. मग हाडं, सांधे, पाठ ठणकते. तो कामचुकारपणा नाही, बाहेरची बाधाही नाही.

पेशी कुठेही अडकू शकतात. म्हणून ही लक्षणं पाठच करा: 101च्या वर ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, लहान मूल एकदम पांढरंफटक पडणं आणि पोटाची डावी बाजू फुगणं. डाव्या बाजूला पाणथरी असते, तिच्यात रक्त साठून मूल काही तासांत दगावू शकतं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. 108ला फोन करा आणि आधी सांगा, “पेशंटला सिकलसेल आहे.”

एरवी पाणी भरपूर प्यायचं. वीटभट्टीवर, कारखान्यात, उन्हात तर जास्तच. थंडीत, पावसात भिजून राहायचं नाही. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांनी दिलं असेल तर मनाने बंद करायचं नाही. लोहाची गोळी मात्र त्यांना विचारूनच. गरोदर बाईने पहिल्याच तपासणीत आजार सांगावा, बाळंतपण दवाखान्यातच करावं.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी होते. आशाताईंना विचारा, घरातल्या सगळ्यांची करून घ्या.

आमच्या गटाने एक ठरवलंय. सिकलसेलच्या घराला गाडीभाड्याचे पैसे लागले, तर महिन्याच्या बैठकीसाठी थांबायचं नाही. दोघींनी सही करायची, पैसे द्यायचे, हिशेब मागाहून. पावसाळ्यात ओढा भरला की गाडी पाड्यावर येत नाही. रस्त्यापर्यंत डोली कोण धरणार, तेही ठरलंय. तुमच्या गटातही या बैठकीला एवढं ठरवून टाका.