व्हॅलोरंट : कोण कुठे भारी, कुठे कच्चा?

रायट गेम्सचा हा नेमबाजीचा खेळ जून २०२० मध्ये आला. पाच विरुद्ध पाच. एका संघात एक एजंट (खेळातलं पात्र) एकालाच मिळतो. बंदुका सगळ्यांना सारख्याच, फरक पडतो तो अंगच्या करामतींनी.

■ जेट : गोळी झाडून क्षणात आडोशाला झेपावते. मात्र २०२२ मधल्या बदलापासून झेप आधी सज्ज करावी लागते; ठरलेल्या वेळेत वापरली नाही तर वाया.

■ सेज : जखमा भरते, भिंत उभारते, मेलेल्या साथीदाराला उठवते. उठणारा खेळाडू मात्र काही क्षण आयतं सावज.

■ सोव्हा : त्याचा बाण भिंतीआडचे शत्रू दाखवतो. पण तो गोळीने फोडता येतो आणि नेमक्या जागी पाडायला भरपूर सराव लागतो.

■ सायफर : तारांचे सापळे आणि छुपा कॅमेरा लावून एकटा एक बाजू राखतो. तो मेला की सापळेही निकामी.

■ ब्रिमस्टोन : एकाच वेळी तीन ठिकाणी धुराचे पडदे टाकतो. पल्ला मर्यादित, साठा संपला की त्या फेरीत नवा धूर नाही.

अपडेटगणिक ही गणितं बदलतात. त्यामुळे संघ निवडताना एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढणं महत्त्वाचं.