‘म’ अक्षराचे तीन कीटक : मावा, मुंगी आणि मधमाशी

रब्बी हंगामात करडईच्या शेतात मावा, मुंगी आणि मधमाशी हे तीन कीटक पुष्कळदा एकाच झाडावर आढळून येतात. तिघांच्या नावांचे आद्याक्षर एकच असले तरी पिकाशी त्यांचे नाते सारखे नाही. पहिला पिकाचा शत्रू, दुसरी त्या शत्रूची राखणदार, तर तिसरी शेतकऱ्याची मैत्रीण होय. हा भेद न ओळखता औषध फवारल्यास शत्रूबरोबर मित्रही मरतो आणि खर्च करूनही उत्पन्न घटते.

मावा हा टाचणीच्या डोक्याएवढा, मऊ अंगाचा कीटक होय. पिकानुसार तो हिरवा, पिवळा किंवा काळा असतो. करडईवरील मावा काळा असतो. कोवळे शेंडे, पाने व खोड यांवर दाटी करून तो सोंडेने रस शोषतो. त्यामुळे झाड खुरटते, बोंडे लहान राहतात व दाणे नीट भरत नाहीत. मादी नराशिवायही थेट पिलांना जन्म देते. म्हणून थोड्याच दिवसांत मावा शेतभर पसरतो. एका झाडावर गर्दी वाढली की पंख असलेले मावे निपजतात व दुसऱ्या झाडांवर उडून जातात. ढगाळ हवामान त्यास विशेष मानवते.

मुंगी करडईचा रस शोषीत नाही. माव्याच्या शरीरातून गोड, चिकट द्रव बाहेर पडतो. त्याच्या लोभाने ती झाडावर चढते. ह्या द्रवावर काळी बुरशी वाढते व पानांना सूर्यप्रकाश पुरेसा मिळत नाही. शिवाय मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना मुंग्या हुसकावून लावतात. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की शेंड्याकडे व पानांच्या मागील बाजूस मावा आहे काय, हे अवश्य पाहावे.

मधमाशी फुलांतील मध व पराग गोळा करण्यासाठी येते. तिच्या अंगाला लागलेले पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात व बीजधारणेस मदत होते. सूर्यफूल व बियाण्याचा कांदा या पिकांत तर तिचे साहाय्य फारच मोलाचे असते. महाराष्ट्रात सातेरी, आग्या व फुलोरी ह्या जाती आढळतात. मधमाशीचे महत्त्व जाणूनच १९६२ साली पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली.

आता उपायांचा विचार करू. करडईची पेरणी उशिरा झाल्यास मावा अधिक पडतो. म्हणून सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत ती उरकावी. मावा बहुधा प्रथम बांधाकडील ओळींत दिसतो. म्हणून दर आठवड्यास कडेची झाडे तपासावीत व माव्याने भरलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. ढालकिडे व त्यांच्या अळ्या पुष्कळ असल्यास फवारणीची घाई करू नये. माव्याचा बंदोबस्त तेच करतात.

मावा वाढतच राहिल्यास निंबोळी अर्क फवारावा. ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी. सकाळी ती फडक्यातून गाळून एकूण १०० लिटर द्रावण होईल इतके पाणी मिसळावे व थोडी साबणाची भुकटी घालावी. हा अर्क त्याच दिवशी सायंकाळी वापरावा. पीक फुलावर असताना विषारी कीटकनाशके शक्यतो टाळावीत. ती वापरणे अटळच झाल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने, मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर सायंकाळी फवारावीत व जवळपास मधपेट्या असल्यास त्यांच्या मालकास आगाऊ सूचना द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना प्रत्यक्ष शेतात नेऊन हे तिन्ही कीटक दाखवावेत. कीटक पाहताच पंप उचलण्यापेक्षा आधी तो कोण आहे हे ओळखणे, हीच पीकसंरक्षणाची पहिली पायरी होय.