बारा नंबरचा कागद आणि आपलें ताट

लिहितां-वाचतां येणाऱ्यास साक्षर म्हणावें, ही व्याख्या सर्वमान्य आहे. परंतु आपल्या ताटांतील अन्न कोणत्या जमिनींत, कोणत्या हंगामांत व कोणत्या पिकाच्या सोबतीनें तयार झालें हें ज्यास सांगतां येत नाहीं, तो अन्नाच्या बाबतींत निरक्षरच समजला पाहिजे. या कसोटीस लावून पाहतां आपलीं शिकलेलीं मुलें मागें पडतात आणि अंगठा उठविणाऱ्या आपल्या आज्या पुढें जातात. ही विद्या शेतकऱ्याच्या घरांतून नाहींशी झाली, तर केवळ एक जुनी आठवण गेली असें होत नाहीं. शेताचा आणि संसाराचा हिशोबच चुकूं लागतो. तो कसा, हें आम्ही सोलापूर जिल्ह्यांतील रब्बी ज्वारीच्या उदाहरणानें सांगणार आहों.

या विद्येचें एक पुस्तक प्रत्येक खातेदाराच्या घरीं आहे. तें म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. त्यांतील सातव्या नमुन्याकडे, म्हणजे मालकीहक्क व बोजे यांकडे, सर्वांचें लक्ष असतें. भाऊबंदकीचे तंटे त्यावरूनच माजतात. बारावा नमुना मात्र फारसा कोणी वाचीत नाहीं. हा पिकांच्या नोंदीचा नमुना होय. त्यांत मिश्र पिकाखालील क्षेत्र व निर्भेळ पिकाखालील क्षेत्र असे दोन निरनिराळे रकाने असून, मिश्र पिकांत घटक पिकें कोणतीं व प्रत्येकाखालीं जमीन किती, हेंहि लिहावयाचें असतें. महसुली खात्यांत कारकुनी करीत असतां हे रकाने आम्हीं पुष्कळ वर्षें पाहिले. जुन्या पानांवर मिश्र पिकाचा रकाना भरलेला असे: रब्बीस ज्वारी, करडई, हरभरा, खरिपास बाजरी, तूर, मटकी, हुलगा. पुढें पुढें तो रकाना कोरा पडत गेला आणि निर्भेळ पिकाच्या रकान्यांत एकच नांव वर्षानुवर्षें येऊं लागलें. कागदावरील हा कोरेपणा ताटांतहि उतरतो, हाच या लेखाचा मुद्दा आहे.

प्रथम शेताकडे पाहूं. सोलापूर, मंगळवेढें, मोहोळ या बाजूस जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा. खरा आधार सप्टेंबरच्या पावसाचा. काळी भारी जमीन ती ओल पोटांत धरून ठेवते. त्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरांत ज्वारी पेरावी आणि फेब्रुवारी-मार्चांत काढावी, हा येथील क्रम. मोहोळच्या संशोधन केंद्रांत स्थानिक मालदांडींतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण आजहि या रानांत टिकून आहे, याचें कारण तो धान्य व कडबा दोन्ही देतो. या ज्वारीबरोबर करडईचीं तासें घालण्याची रीत अडाणीपणाची नव्हती. करडईचीं मुळें खोल जाऊन खालची ओल घेतात, आणि तिच्या कांट्यांमुळें कडेच्या ओळींत गुरें तोंड घालीत नाहींत. हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींतील जंतू हवेंतील नत्र जमिनींत आणतात. बाजरी व तूर यांचेंहि तसेंच. बाजरी सुमारें तीन महिन्यांत घरीं येते, तूर मागें राहून उशिराच्या पावसाचा लाभ घेते. एक पीक गेलें तर दुसरें हातीं लागावें, ही त्यांतली योजना.

आतां ताटाकडे पाहूं. अन्नांतील प्रथिनें ज्या घटकांचीं बनतात, त्यांपैकीं लायसीन नांवाचा घटक ज्वारी-बाजरींत कमी असतो, आणि तोच डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. उलट कडधान्यांत जें उणें, तें धान्य पुरवितें. म्हणून भाकरीबरोबर पिठलें, तुरीची आमटी किंवा मटकीची उसळ खाल्ली, म्हणजे दोहोंची उणीव भरून निघते. वर करडईचें तेल. शेतांत जीं पिकें शेजारीं उभीं होतीं, तींच ताटांत शेजारीं बसलीं. हें शास्त्र आपल्या घरच्या बायकांनीं पुस्तकांत वाचलें नव्हतें. शेतांतून जें घरीं आलें त्याचाच त्यांनीं मेळ घातला.

आंकड्यांनींहि हें पडताळतां येतें. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारींत लोह सुमारें ४ मिलिग्रॅम, बाजरींत सुमारें ६.४ मिलिग्रॅम आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळांत १ मिलिग्रॅमहूनहि कमी आहे. नाचणींत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमहून अधिक आहे. मात्र येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. कोंड्यासकट दळलेला गहूं लोहाच्या बाबतींत ज्वारीच्या बरोबरीचा आहे. तेव्हां गव्हाची निंदा करण्याचें कारण नाहीं. प्रश्न असा कीं, आपल्या कोरडवाहू रानांत वरच्या पाण्याशिवाय काय येतें आणि घरांत काय शिजतें, यांचा संबंध राहिला आहे कीं तुटला आहे?

तो कसा तुटला, हें क्रमानें पाहावें. १९७२ च्या दुष्काळांत ज्वारी पिकविणाऱ्या लोकांवर परदेशची लाल मिलो खाण्याची पाळी आली. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें व भीमेच्या काठीं उंसाचा विस्तार झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्याचा हक्क मिळाला, आणि जानेवारी २०२३ पासून तें मोफत झालें. दुकानांतून येतो तो मुख्यतः गहूं व तांदूळ. यांपैकीं धरण वाईट नाहीं, ऊंस वाईट नाहीं, आणि गरिबाच्या घरीं धान्य पोंचतें तें तर चांगलेंच आहे. पण परिणाम असा झाला कीं, आठ-दहा एकरांचा बागाईतदार तूरडाळ, तेल आणि ज्वारी वाण्याच्या दुकानांतून आणतो, व जनावरांसाठीं कडबाहि विकत घेतो. ऊंस घाऊक भावानें द्यावयाचा आणि अन्न किरकोळ भावानें घ्यावयाचें, हा व्यवहार खातेवहींत मांडून पाहिल्यास कित्येकांचे डोळे उघडतील.

याहून मोठी हानि निराळीच आहे. बारा नंबरच्या कागदावर नुसतें 'ज्वारी' असें लिहिलें जातें. वाणाचें नांव त्यावर येत नाहीं. भाकरीस मालदांडी, हुरड्यास गूळभेंडी किंवा कुचकुची, हा भेद सरकारी दप्तरांत नाहीं. तो घरांत आहे. बीं कांहीं वर्षें पेरलें नाहीं तर त्याची उगवणशक्ति जाते, आणि बीं गेलें कीं नांवहि जातें. पुढें तें कोणत्याहि कचेरींतून नक्कल काढून मिळणार नाहीं.

आणि नांवास आज किंमत आली आहे. २०१६ सालीं मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ, मुळशीचा आंबेमोहर, कोरेगांवचा वाघ्या घेवडा व नवापूरची तूरडाळ यांस भौगोलिक मानांकन मिळालें. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. शहरांतील गिऱ्हाईक आतां गांवाचें व वाणाचें नांव विचारून माल घेतें. ज्या शेतकऱ्याच्या घरीं तें नांव कोणास ठाऊक नाहीं, तो त्या गिऱ्हाइकास काय उत्तर देणार?

यावर आमच्या सूचना थोड्या व करण्याजोग्या आहेत.

पहिली, घरच्या ताटापुरतें क्षेत्र राखून ठेवावें. पांच माणसांच्या घरांत माणशीं रोज ३०० ग्रॅम ज्वारी धरली, तर वर्षास सुमारें साडेपांच क्विंटल लागते. एकाच वेळची भाकरी असेल तर त्याच्या निम्मी. आपल्या जमिनीचा उतारा ज्याचा त्यास माहीत असतो. त्यावरून किती गुंठे लागतील हें काढावें, आणि त्यांतच करडई व हरभऱ्याचीं तासें घालावीं.

दुसरी, २०२१ पासून ई-पीक पाहणींत पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः भ्रमणध्वनीवरून करावयाची आहे. सोय म्हणून सबंध गटास एकच मुख्य पीक लावूं नये. मिश्र पीक असेल तर मिश्रच नोंदवावें व घटक पिकें लिहावीं. नुकसानभरपाई व सरकारी खरेदी यांच्या वेळीं हीच नोंद पाहिली जाते. जें कागदावर नाहीं, तें शेतांत होतें असें मागाहून सिद्ध करणें फार कठीण जातें.

तिसरी, बियाण्याचीं कणसें शेताच्या मधल्या भागांतून निवडावीं. ज्वारीचें फलन बहुतेक स्वतःच्याच परागानें होत असलें, तरी कडेच्या ओळींत शेजारच्या शेतांतला पराग येण्याचा संभव असतो. निवडलेलें बीं वाळवून, वाणाचें नांव व साल लिहिलेली चिठ्ठी घालून ठेवावें.

चौथी सूचना मुलांविषयीं. सुटीच्या दिवशीं बारा नंबरचा उतारा मुलांपुढें ठेवावा आणि विचारावें, आज जेवलेल्या पदार्थांपैकीं यांत कोणते आहेत? जे नाहींत ते कोठून आले? मग त्यांस आजीकडे पाठवावें व जुन्या वाणांचीं नांवें वहींत उतरून घेण्यास सांगावें. एका दुपारचें काम आहे, खर्च कांहीं नाहीं. परंतु सांगणारीं माणसें वयोवृद्ध आहेत, आणि त्यांच्यामागें हीं नांवें सांगणारें दुसरें कोणी नाहीं. तेव्हां हें काम पुढील हंगामावर ढकलूं नये, एवढीच आमची शेतकरीबंधूंस विनंति आहे.