पोळ्याच्या पुरणपोळीने बैलाचे पोट का बिघडते?

पोळ्याच्या संध्याकाळी चुडाव्यासारख्या गावात मिरवणूक संपली की बैलजोडी दारोदार फिरते. प्रत्येक दारात पूजा, ओवाळणी आणि पुरणपोळीचा घास. दहा घरी दोन-दोन पोळ्या धरल्या तरी एका बैलाच्या पोटात वीस पोळ्या जातात. शिवाय मालकाच्या घरी शिजवलेली ज्वारी असतेच. वर्षभर कडबा आणि भुसकटावर राहिलेला हा जीव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकांचे फोन का वाजतात, याचे उत्तर इथेच आहे.

पोटात नेमके काय होते?

बैलाचे पहिले पोट, म्हणजे रुमेन, हे कडबा आंबवण्याचे मोठे पिंप समजा. त्यातले जिवाणू चारा हळूहळू फोडतात. गूळ, गव्हाचे पीठ, डाळ आणि शिजलेले धान्य एकदम आले की ते झपाट्याने आंबते आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. एरवी 6 ते 7 असणारा सामू 5 च्या आसपास किंवा खाली घसरतो. उपयोगी जिवाणू मरतात, रवंथ थांबतो आणि शरीरातले पाणी पोटात ओढले जाते. यालाच पोटातील आम्लता किंवा ॲसिडोसिस म्हणतात. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जनावर दगावते. सोयाबीन पिवळे पडायच्या दिवसांत बैल गमावणे कोणत्याही घराला परवडणारे नाही.

कसे ओळखावे?

लक्षणे बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात. बैल वैरणीला तोंड लावत नाही, रवंथ करत नाही, दात खातो. डावी कूस फुगते. शेण पातळ आणि आंबूस वासाचे पडते. पुढे चाल अडखळते आणि जनावर बसून राहते. बसलेला बैल उठत नसेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

डॉक्टर येईपर्यंत धान्य, पोळी, पेंड पूर्ण बंद ठेवा आणि फक्त सुका कडबा समोर टाका. खाण्याचा सोडा डॉक्टरही वापरतात, पण किती आणि कसा हे फोनवर विचारूनच द्या. नळीने किंवा बाटलीने जबरदस्तीने पाजताना पाणी फुप्फुसात गेले तर दुसरेच संकट. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. गंभीर जनावरासाठी परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालयही आहे.

मग नैवेद्य दाखवायचाच नाही का?

दाखवायचा. पण घास म्हणजे घासच. मालकाने खांदेमळणीच्या दिवशीच शेजाऱ्यांना सांगून ठेवावे की पोळीचा तुकडा द्या, उरलेले ताटात राहू द्या. त्याऐवजी हिरव्या चाऱ्याची पेंढी दिली तर मानही राहतो आणि पोटही. पूजेला निघण्यापूर्वी बैलाला भरपूर कडबा खाऊ घालावा, म्हणजे तो अधाशासारखा पोळीवर तुटून पडत नाही.

शिंगांचेही तसेच. ती तासून गुळगुळीत करू नयेत, आत जिवंत भाग असतो. ऑइल पेंटपेक्षा गेरू बरा. डीजे आणि फटाक्यांनी बिथरलेला बैल कासरा तोडून गर्दीत घुसतो, म्हणून लहान मुलांना वेसणीजवळ उभे करू नये. लम्पीमुळे 2022 आणि 2023 मध्ये अनेक ठिकाणी पोळा घरच्या घरी झाला होता. अंगावर गाठी किंवा ताप असलेले जनावर आजही मिरवणुकीत नेऊ नये.

आणि दारातला कुत्रा?

पाहुण्यांच्या गर्दीत त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. उरलेल्या कटाच्या आमटीत पोळी कुस्करून त्याच्यापुढे ठेवली जाते. त्या आमटीतला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्याने कोणी आमटीला दोष देत नाही. शिऱ्यातले मनुके मूत्रपिंडाला घातक ठरतात. करीला मटण शिजले तर शिजलेली हाडे टाकू नका, ती टोकदार फुटतात आणि आतडे फाडू शकतात. कोरडी भाकरी, साधा भात त्याला पुरतो. घरात गर्दी असेल तोवर त्याला मागच्या खोलीत पाण्यासह बांधून ठेवा आणि पाहुण्यांच्या मुलांना तो जेवत असताना जवळ जाऊ देऊ नका.